वृद्धाश्रमातील जर्जरता कशी मोजावी?

सत्तर वर्षांची दोन माणसे घ्या. एकजण सकाळी शेतावर चक्कर मारून येतो, तर दुसऱ्याला खाटेवरून उठायला कुणाचा तरी हात लागतो. दोघांचे वय सारखे आहे, कदाचित दोघांनाही रक्तदाबाची एकच गोळी चालू आहे. तरी दोघांची अवस्था एक नाही. या फरकासाठी आपल्या बोलीत शब्दांची वाण नाही. 'बुढा खंगला', 'म्हातारी खचली', 'हातापायातलं बळ गेलं' हे वऱ्हाडातील कोणत्याही गावात सहज कानावर पडते आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थही कळतो. प्रश्न पडतो तो शास्त्राला. खंगला म्हणजे नेमके काय झाले? ते मोजता येईल काय? आणि मोजले तर उपयोग कोणता?

वैद्यकशास्त्रात या अवस्थेला फ्रेल्टी असे नाव आहे. या लेखात आम्ही तिला 'जर्जरता' म्हणणार आहोत. जर्जरता हा एखादा रोग नव्हे आणि ती वार्धक्याचे दुसरे नावही नव्हे. ती कशी ओळखतात, विशेषतः वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी ती मोजताना कोणत्या अडचणी येतात आणि त्या मोजण्यावर तेथील माणसांचे काय अवलंबून आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

घरची आठवण आणि आश्रमाची नोंदवही

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात उमरी पठार येथे एक वृद्धाश्रम आहे. अशा संस्था आता महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत आढळतात. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील सुमारे १० टक्के लोक साठीच्या पुढचे होते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी केंद्राने २००७ मध्ये जो कायदा केला, त्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे निवासगृह राज्यांनी उभारावे, अशी तरतूद आहे. म्हणजे वृद्धाश्रम ही केवळ शहरातील गोष्ट राहिलेली नाही. कोरडवाहू शेतीच्या तालुक्यातही मुले कामासाठी दूर जातात आणि मागे राहिलेल्यांपैकी काहींना संस्थेचा आधार घ्यावा लागतो.

घर आणि आश्रम यांत जर्जरतेच्या दृष्टीने एक महत्त्वाचा फरक आहे. घरात म्हाताऱ्या माणसाकडे पाहणारे कोणीतरी त्याला गेल्या वर्षीही पाहत होते. आजीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, आजोबांचा करदोडा सैल झाला, पूर्वी पारापर्यंत जाणारे आता ओसरीवरूनच परततात, हे सुनेच्या किंवा शेजारणीच्या लक्षात येते. त्यांच्या मनात तुलनेसाठी जुने चित्र असते. आश्रमात काम करणारी माणसे बदलतात. एकाला अनेकांकडे पाहावे लागते. नव्याने आलेला वृद्ध तेथे येण्यापूर्वी कसा होता, हे कोणालाच ठाऊक नसते. शिवाय कशाचीही तक्रार न करणारा वृद्ध 'शहाणा' ठरतो. हळूहळू होणारी झीज अशा ठिकाणी कोणाच्याही डोळ्यांत भरत नाही. ती दिसते एकदम, माणूस पडल्यावर किंवा अंथरुणाला खिळल्यावर.

म्हणून आश्रमात मोजमाप हवे. घरात जे काम आठवण करते, ते आश्रमात नोंदवहीला करावे लागते.

कणगीतील शिल्लक

जर्जरतेच्या मुळाशी 'शिल्लक' ही कल्पना आहे. तरुण शरीराचे जवळजवळ प्रत्येक इंद्रिय रोजच्या गरजेपेक्षा पुष्कळ अधिक काम करू शकते. विसाव्या वर्षी एक मूत्रपिंड काढून दिले तरी दुसऱ्यावर भागते. धावताना हृदय विश्रांतीच्या कितीतरी पट रक्त पुढे ढकलते. ही जादा क्षमता म्हणजे शिल्लक. भरल्या कणगीच्या घराला पावसाचा एक खंड जाणवत नाही. तळ दिसू लागलेल्या कणगीच्या घराला तोच खंड उपाशी ठेवतो. बाहेरून पाहणाऱ्याला सुगीच्या दिवसांत ही दोन्ही घरे सारखीच वाटतात.

वयाबरोबर सर्वांचीच शिल्लक कमी होते. परंतु काहींच्या बाबतीत ती स्नायू, हृदय, मूत्रपिंड, मेंदू, प्रतिकारशक्ती अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी खालावते. मग एक छोटासा ताणही पेलत नाही. लघवीचा जंतुसंसर्ग घ्या. धडधाकट वृद्धाला दोन दिवस ताप येतो, तो अंथरुणात पडतो आणि आठवड्याभरात पूर्ववत होतो. जर्जर वृद्धाला त्याच संसर्गाने भ्रम होतो, तोल जातो, तो पडतो. आणि बरा झाला तरी पूर्वीच्या पातळीवर परत येत नाही. छोट्या ताणाला मोठी प्रतिक्रिया आणि अपुरी भरपाई, ही जर्जरतेची खरी ओळख आहे.

विदर्भातील उन्हाळा हा असाच एक ताण आहे. मे महिन्यात यवतमाळ परिसरात पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जातो. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, मूत्रपिंडाची पाणी वाचवण्याची शक्ती घटते आणि घामाने शरीर थंड करण्याची यंत्रणाही दुबळी होते. त्यात स्नायूंचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. स्नायू झिजले की शरीरातील पाण्याचा साठाही कमी होतो. त्यामुळे एकाच दालनात, एकाच पंख्याखाली राहणाऱ्या दोघांना ऊन सारखे बाधत नाही. कोणावर अधिक लक्ष ठेवायचे, हे उन्हाळ्यापूर्वीच ठाऊक असले तर प्राण वाचू शकतात.

पाच लक्षणांची कसोटी

जर्जरता मोजण्याच्या दोन प्रमुख पद्धती २००१ साली पुढे आल्या. पहिली अमेरिकेतील लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांची. पासष्टीच्या पुढील ५,३१७ व्यक्तींच्या दीर्घकालीन पाहणीवरून त्यांनी पाच लक्षणे निश्चित केली: प्रयत्न न करता वर्षभरात घटलेले वजन, सतत जाणवणारा थकवा, हाताची कमी झालेली पकड, मंदावलेली चाल आणि घटलेली हालचाल. यांपैकी तीन किंवा अधिक असतील तर व्यक्ती जर्जर. एक किंवा दोन असतील तर जर्जरतेच्या उंबरठ्यावर. एकही नसेल तर सुदृढ.

ही पाच लक्षणे एका चक्राचे टप्पे आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांची निवड पटते. खाणे कमी झाले की स्नायू झिजतात. स्नायू झिजले की ताकद आणि वेग कमी होतो, थोड्याच कामाने दमायला होते. दमणारा माणूस हालचाल टाळतो. हालचाल नसली की भूकही लागत नाही, आणि चक्र पुन्हा सुरू होते. पडून राहण्याने हे किती झपाट्याने घडते, याचा एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षे वयाच्या १२ निरोगी स्वयंसेवकांना केवळ १० दिवस बिछान्यात ठेवले असता त्यांच्या पायांतील चरबीविरहित ऊतीचे वजन सुमारे १ किलोने घटले. 'आता आराम करा' हा सल्ला वृद्धांना किती जपून द्यायला हवा, हे यावरून कळावे.

उणिवांची बेरीज

दुसरी पद्धत कॅनडातील केनेथ रॉकवूड आणि गणितज्ञ अर्नोल्ड मिटनित्स्की यांची. त्यांनी वेगळाच विचार केला. शरीरात कोणत्या उणिवा आहेत यापेक्षा किती आहेत, हे मोजावे. दृष्टी मंद, ऐकू कमी येणे, मधुमेह, आंघोळीला मदत लागणे, विस्मरण, उदासी अशा किमान ३० ते ४० बाबींची यादी करायची आणि त्यांतील किती लागू पडतात, हे पाहायचे. ४० पैकी १० उणिवा आढळल्या तर जर्जरता निर्देशांक १० भागिले ४०, म्हणजे ०.२५.

मोतीबिंदू आणि मधुमेह यांची बेरीज करणे शिक्षकांना विचित्र वाटेल. गणितात आपण आंबे आणि मीटर मिळवू देत नाही. परंतु येथे आपण वस्तू मिळवत नसून तुटीच्या जागा मोजत आहोत. कवेलूच्या घराचे उदाहरण पाहा. एक कवेलू फुटले तर एका कोपऱ्यात गळते. पण वीस कवेलू फुटलेले, दोन वासे कुजलेले, भिंतीला ओल आलेली आणि दाराची चौकट सुटलेली असे घर पावसाळ्यात टिकेल काय, हे सांगायला प्रत्येक दोषाचा वेगळा हिशेब लागत नाही. दोषांची संख्याच पुरेसे सांगून जाते. विशेष म्हणजे, निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या याद्या वापरूनही हा निर्देशांक साधारण ०.७ च्या वर क्वचितच जातो असे आढळले. ४० पैकी ४० उणिवा घेऊन जगणारा माणूस सापडत नाही. एका मर्यादेपलीकडे शरीर तुटींचा भार वाहू शकत नाही.

परदेशी फूटपट्टी आणि आपला आश्रम

या पद्धती जशाच्या तशा उचलून आपल्या वृद्धाश्रमात वापरता येतील काय? येथे बरेच तारतम्य लागते.

पहिली अडचण वजनाची. 'गेल्या वर्षी तुमचे वजन किती होते?' या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण कधी वजन केलेलेच नसते. तेथे बांगड्या, चोळी, करदोडा यांच्याविषयी विचारणे अधिक फलदायी ठरते. दुसरी अडचण वयाची. जन्मतारखेचा दाखला नसतो. मग 'बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होता? लेकरे किती होती?' अशा प्रश्नांवरून वयाचा अंदाज बांधावा लागतो. तिसरी अडचण हालचालीची. फ्रीड यांच्या पाहणीतील प्रश्नावलीत हिरवळ कापणे, गोल्फ, बोलिंग असले विषय होते. येथे त्याऐवजी पाणी भरणे, अंगण झाडणे, धान्य निवडणे, मंदिरापर्यंत किंवा दर्ग्यापर्यंत चालत जाणे यांविषयी विचारावे लागेल. स्मरणशक्तीच्या कसोट्यांतही लिहायला किंवा वाचायला सांगितले तर शाळेत न गेलेली, पण तल्लख बाई नापास होईल. ती कसोटी मग मेंदू न मोजता शिक्षण मोजते.

चौथी अडचण मुळातली आहे. घरी राहणाऱ्यांत जर्जर व्यक्ती थोड्या असतात. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २०१२ मध्ये काढलेले त्यांचे सरासरी प्रमाण सुमारे ११ टक्के होते. शुश्रूषागृहांतील पाहण्या एकत्र केलेल्या २०१५ च्या अभ्यासात मात्र ते सुमारे ५२ टक्के आढळले आणि आणखी ४० टक्के उंबरठ्यावर होते. जेथे निम्म्याहून अधिक लोक एकाच गटात पडतात, तेथे 'जर्जर आहे की नाही' हा प्रश्न फारसे काही सांगत नाही. सगळ्या वर्गाला एकच श्रेणी देण्यासारखे ते होते. म्हणून २०१५ मध्ये जॉन मोर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी खास अशा निवासी संस्थांसाठी सात बाबींची श्रेणी सुचवली. थकवा, उठून जागा बदलणे, चालणे, मलमूत्रावरील ताबा, वजनातील घट, आहाराचे स्वरूप आणि कपडे घालताना लागणारी मदत यांना प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण द्यायचे. बेरीज ० ते १४. यातील बहुतेक माहिती रोज सेवा करणाऱ्याला ठाऊक असते, हा तिचा मोठा फायदा.

मात्र पाश्चात्त्य शुश्रूषागृहांचे आकडे आपल्या आश्रमांना चिकटवू नयेत. आपल्याकडील अनेक वृद्धाश्रमांत प्रवेशासाठी 'स्वतःचे स्वतः करता आले पाहिजे' अशी अट असते. तेथील वृद्ध दाखल होताना तुलनेने सुदृढ असतात. प्रश्न पुढच्या वर्षांचा असतो. आणि या वर्षांची नोंद आपल्याकडे फार तोकडी आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या देशव्यापी वार्धक्य पाहणीत ४५ वर्षांवरील ७२,००० हून अधिक लोकांची माहिती घेतली गेली. त्यात पकड, चाल, तोल यांचीही मोजमापे होती. पण ती पाहणी घराघरांतून केलेली होती. आश्रमात राहणारे अशा पाहणीच्या वाटेवर येतच नाहीत.

चार मीटर, एक खुर्ची, एक टेप

एखाद्या छोट्या आश्रमात महागडी साधने नसतात. तरी पुढील चार मोजमापे कोणालाही शिकता येतात.

पहिले, चाल. सपाट जमिनीवर चार मीटर अंतर खडूने आखा. दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा सोडा. व्यक्तीला नेहमीच्या वेगाने चालू द्या. काठी वापरत असेल तर काठीसह. लागलेला वेळ सेकंदांत घ्या. दोनदा मोजून चांगला वेळ नोंदवा. ४ मीटरला ५ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटर. यापेक्षा मंद चाल हा सावधगिरीचा इशारा मानतात. नऊ दीर्घकालीन पाहण्यांतील ३४,४८५ वृद्धांच्या माहितीवरून २०११ मध्ये असे दिसून आले की, चालण्याच्या वेगाचा पुढील आयुर्मानाशी स्पष्ट संबंध आहे. हे आश्चर्याचे नाही. चालताना हृदय, फुप्फुसे, स्नायू, सांधे, दृष्टी, कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि मेंदू या सर्वांना एकत्र काम करावे लागते. चाल ही सर्वांची मिळून एक परीक्षा आहे.

दुसरे, खुर्चीवरून उठणे. हात छातीवर घडी करून पाच वेळा उभे राहायचे व बसायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत यासाठी १४ सेकंदांची मर्यादा दिली आहे. प्लॅस्टिकची खुर्ची घसरते. ती भिंतीला टेकवून ठेवावी. प्रत्येक वेळी तीच खुर्ची वापरावी, कारण उंची बदलली की कसोटी बदलते.

तिसरे, वजन आणि पोटरीचा घेर. वजनकाटा तोच, वेळ तीच आणि कपडे साधारण तेवढेच असावेत. पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर शिंप्याच्या टेपने घ्यावा. पोषणाच्या एका प्रचलित कसोटीत ३१ सेंटीमीटरहून कमी घेर धोक्याचा समजतात. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या शिफारशीत स्नायूंची झीज चाळण्यासाठी पुरुषांना ३४ आणि स्त्रियांना ३३ सेंटीमीटर ही मर्यादा आहे. पाय सुजलेला असेल तर हे माप फसवे ठरते.

चौथे, पकड. यासाठी डायनॅमोमीटर नावाचे यंत्र लागते. वरील आशियाई शिफारशीनुसार पुरुषांत २८ किलो आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी पकड क्षीण मानतात. यंत्र नसेल तर ही कसोटी सोडून द्यावी. अंदाजाने आकडा लिहू नये.

या कसोट्या घेताना वृद्धाच्या शेजारी, हात देता येईल इतक्या अंतरावर एकजण उभा असलाच पाहिजे. छातीत दुखणे, घेरी किंवा ताप असेल त्या दिवशी काहीही मोजू नये.

एका आकड्याने भागत नाही

प्रत्येक मोजमापात चूक असते. घड्याळ दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले तर ५ सेकंदांच्या जागी ४.८ किंवा ५.२ येतील, आणि वेग ०.८३ किंवा ०.७७ निघेल. म्हणून एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. ०.०५ चा फरक किरकोळ समजावा, ०.१ मीटर प्रतिसेकंद इतका फरक मात्र महत्त्वाचा मानला जातो.

समजा, एका आजींचे मोजमाप दर तीन महिन्यांनी घेतले. जूनमध्ये त्यांना चार मीटरला ५ सेकंद लागले, सप्टेंबरमध्ये ५.४ आणि डिसेंबरमध्ये ६.७. वेग अनुक्रमे ०.८०, ०.७४ आणि ०.६०. वजन ४४, ४३ आणि ४१ किलो. जूनमध्ये त्या १५ सेकंदांत पाच वेळा उठल्या. डिसेंबरमध्ये हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच आले नाही. 'कसं वाटतं?' या प्रश्नाचे उत्तर तिन्ही वेळा 'बरं आहे' असेच. यातील कोणत्याही एका दिवसाचा आकडा पाहिला तर 'वयच झालंय' असे म्हणून वही मिटता येईल. परंतु आलेखकागदावर तीन बिंदू जोडले की उतरती रेघ दिसते. सहा महिन्यांत वजन जवळजवळ ७ टक्क्यांनी घटले आहे. आता वही मिटता येणार नाही. कारण शोधले पाहिजे.

कारणे पुष्कळदा साधी असतात. दात पडल्यामुळे भाकरी चावत नाही. नव्या गोळीने उभे राहताच रक्तदाब उतरतो आणि घेरीच्या भीतीने चालणे बंद होते. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असा दोनदा रक्तदाब मोजला व वरचा आकडा २० किंवा अधिकने घसरला, तर डॉक्टरांना कळवायला हवे. मोतीबिंदू वाढल्याने अंधारात उठणे टाळले जाते, मग संध्याकाळपासून पाणीही कमी प्यायले जाते. शेजारच्या खाटेवरील सोबतीण वारल्यानंतर जेवणावरची वासना उडते. क्षयरोग किंवा थायरॉइडचा विकारही असू शकतो. ते तपासण्यासाठी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी पाठवावे लागेल. मोजमाप कारण सांगत नाही. कोणाचे कारण आज शोधायला हवे, एवढेच ते सांगते.

उतरती रेघ वर वळते काय?

जर्जरता म्हणजे मागे न फिरणारी वाट, असा समज सर्वत्र होता. तो हलवणारे काम अमेरिकेतील बॉस्टन येथे झाले. तेथील मारिया फियातारोन यांनी १९९० मध्ये निवासी संस्थेतील १० जर्जर वृद्धांना आठ आठवडे मांड्यांच्या स्नायूंचा वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांचे सरासरी वय ९० होते! ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. पुढे १९९४ मध्ये १०० जणांवर केलेल्या प्रयोगात दहा आठवड्यांच्या व्यायामाने ताकद दुपटीहून अधिक झाली आणि चालही सुधारली. व्यायामाविना नुसता पूरक आहार देऊन मात्र असा लाभ दिसला नाही. नव्वदीतले स्नायूसुद्धा शिकतात, फक्त त्यांना काम द्यावे लागते.

आश्रमात यासाठी व्यायामशाळा लागत नाही. खुर्चीवरून उठण्याची कसोटी हाच व्यायाम म्हणून दिवसातून दोन-तीनदा करता येतो. पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली वजन म्हणून चालते. ताकद वाढेल तसे वजन वाढवायचे. त्याला प्रथिनांची जोड हवी. वृद्धांसाठी शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत, अशी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाची २०१३ ची शिफारस आहे. ४५ किलोच्या व्यक्तीस ती ४५ ते ५४ ग्रॅम होतात. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम, एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि पाव लिटर दुधात सुमारे ८ ग्रॅम प्रथिने असतात. पातळ वरण आणि भात एवढ्यावर ही बेरीज पुरी होत नाही, हे विद्यार्थ्यांना सहज काढून दाखवता येईल. घट्ट वरण, पिठले, कुटलेल्या शेंगदाण्यांचा वापर, दुधात कुस्करलेली भाकरी हे दात नसलेल्यांना पेलणारे उपाय आहेत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

सर्वांचीच रेघ वर वळेल असे नाही. काही वृद्ध इतके थकलेले असतात की, तेथे व्यायामाचा आग्रह क्रूरपणाचा ठरेल. त्यांच्यासाठी मोजमापाचा उपयोग निराळा: अनावश्यक तपासण्या व गोळ्या कमी करणे, वेदना शमवणे आणि अधिक मनुष्यबळ त्यांच्याकडे वळवणे.

मोजपट्टी कोणाच्या हाती?

येथे एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. ज्या आश्रमात स्वतःचे स्वतः करणाऱ्यांनाच ठेवायचा नियम आहे, तेथे जर्जरतेचा आकडा माणसाला बाहेर काढण्याचे निमित्त होऊ शकतो. ही भीती काल्पनिक नाही. कोविडच्या साथीत मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने अतिदक्षता विभागात कोणाला घ्यावे हे ठरवताना रॉकवूड यांची श्रेणी वापरण्याची सूचना केली. अपंगत्व असलेल्या तरुणांना ती श्रेणी अन्याय करील, असा आक्षेप येताच काही दिवसांतच त्या सूचनेत दुरुस्ती करावी लागली. ज्या लोकसमूहासाठी मोजपट्टी बनली, त्याच्याबाहेर ती वापरली की काय होते, याचे हे उदाहरण आहे.

म्हणून मोजण्यापूर्वी वृद्धाला त्याच्या भाषेत सांगावे, संमती घ्यावी, नको म्हटले तर थांबावे. आकडे भिंतीवर लावू नयेत. कोणाला 'जर्जर' म्हणून हाक मारू नये. आणि ज्या नोंदीनंतर काहीच करायचे नाही, ती नोंद घेऊच नये. ती केवळ वहीची भरती होते.

शाळेत काय करता येईल?

आठवी-नववीच्या वर्गाला वेग, सरासरी, टक्केवारी आणि आलेख हे विषय शिकवताना चार मीटरची कसोटी उत्तम साधन ठरते. प्रथम विद्यार्थ्यांनी एकमेकांचा वेळ घ्यावा. एकाच चालीला तीन जणांनी तीन घड्याळे लावली तर तीन उत्तरे येतात. त्यातून मोजमापातील चूक म्हणजे काय, हे व्याख्येशिवाय समजते. नंतर घरातील आजी-आजोबांचे, त्यांच्या परवानगीने आणि घरातील मोठे माणूस जवळ असताना, मोजमाप घ्यावे; दर तीन महिन्यांनी तेच पुन्हा करावे. वर्षाअखेर प्रत्येकाकडे चार बिंदूंची एक रेघ असेल. नावे न लिहिता वर्गात त्या रेघांची चर्चा करता येईल.

गावाजवळ वृद्धाश्रम असेल तर भेटीला जाताना फळे आणि बिस्किटे नेण्याची प्रथा आहेच. व्यवस्थापकांच्या आणि वृद्धांच्या संमतीने एक नोंदवही, शिंप्याची टेप आणि भिंतीजवळ खडूने आखलेली चार मीटरची रेघ एवढेही बरोबर द्यावे. मात्र एकदा जाऊन भागणार नाही. तीन महिन्यांनी तेच विद्यार्थी परत गेले, तीच वही उघडली आणि 'आजी, मागच्या वेळेपेक्षा तुमची पोटरी बारीक झाली, जेवण जात नाही का?' असे विचारले, तरच त्या वहीचा उपयोग.